सर्पगंधा आणि मनाचा ताण

छत्तीसगडच्या सालवनांत, मोठ्या वृक्षांच्या सावलीत, हात-दीड हात उंचीचे एक झुडूप वाढते. त्याची पाने बहुधा तीन-तीनच्या मंडलांत येतात. फुले पांढरी असून त्यांचे देठ तांबूस असतात, आणि फळे पिकली म्हणजे काळसर जांभळी दिसतात. कण्हेरीच्या कुळातील या वनस्पतीस सर्पगंधा म्हणतात. मराठीत तिला अडकई व हरकी अशीही नावे आहेत. तिचे औषधी सत्त्व मुख्यतः मुळाच्या सालीत असते. हे मूळ वनात राहणाऱ्या लोकांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे, आणि वनोपजाच्या व्यापाराचे मोठे केंद्र असलेल्या रायपूरलाही ते नवे नाही.

या मुळाने विसाव्या शतकात एक मोठे कार्य केले. मनुष्याच्या मनावरील ताण हा मेंदूतील काही रासायनिक द्रव्यांशी निगडित आहे, आणि ती द्रव्ये औषधाने अडविता येतात, हे वैज्ञानिकांस उमगले त्यात सर्पगंधेचा वाटा फार मोठा आहे. परंतु तिच्या इतिहासातून जो बोध घ्यावयास हवा तो अद्याप पुरेसा घेतला गेलेला नाही. ‘झाडाचे मूळ आहे, त्याने अपाय कसला?’ हा समज आजही दृढ आहे, आणि ‘एक गोळी घेतली की ताण संपेल’ ही आशाही तितकीच प्रबळ आहे. सर्पगंधेचा वृत्तान्त नीट पाहिला, तर हे दोन्ही ग्रह टिकत नाहीत.

ताणाची द्रव्ये

रस्ता ओलांडणाऱ्या मनुष्यासमोर एकाएकी भरधाव वाहन आले, तर विचार करण्यापूर्वीच त्याचे शरीर मागे सरते. हृदयाची धडधड वाढते, श्वास जलद होतो, तळहातांना घाम सुटतो. ही सर्व सिद्धता दोन मार्गांनी होते.

पहिला मार्ग त्वरेचा आहे. मेंदूच्या खोडात निळसर छटेच्या पेशींचा एक लहानसा पुंजका असतो. त्या पेशींचे तंतू मेंदूच्या बहुतेक सर्व भागांत पसरलेले असतात, आणि संकटाची चाहूल लागताच त्यांच्या टोकांतून नॉरअ‍ॅड्रिनलिन नावाचे द्रव्य पाझरते. त्याने मन सावध होते. त्याच वेळी शरीरातील स्वयंप्रेरित मज्जातंतूंमधून हेच द्रव्य हृदयाकडे व रक्तवाहिन्यांकडे पोचते, आणि मूत्रपिंडावर टोपीप्रमाणे बसलेल्या अधिवृक्क ग्रंथींतून त्याचे भावंड अ‍ॅड्रिनलिन रक्तात उतरते. हे सारे काही सेकंदांत घडते.

दुसरा मार्ग संथ आहे. मेंदूच्या तळाशी असलेल्या हायपोथॅलॅमस या भागातून एक संप्रेरक निघते व पोष ग्रंथीस आज्ञा करते. पोष ग्रंथीचे संप्रेरक अधिवृक्क ग्रंथीस जागे करते, आणि त्या ग्रंथीच्या बाह्य भागातून कॉर्टिसॉल रक्तात मिसळते. कॉर्टिसॉल शरीरातील साखरेचा साठा मोकळा करून दीर्घ श्रमासाठी इंधन पुरविते. त्याचे कार्य झाल्यावर तेच मेंदूस ‘आता पुरे’ असा निरोप देते, आणि यंत्रणा शांत होते.

तेव्हा ताण हा मुळात शरीराचा शत्रू नव्हे. ज्याच्या अधिवृक्क ग्रंथी निकामी झाल्या आहेत असा रुग्ण साध्या तापानेही दगावू शकतो, कारण संकटाला तोंड देण्याचे साधनच त्याच्यापाशी नसते. अनर्थ होतो तो ही यंत्रणा थांबतच नाही तेव्हा. कर्ज, बेकारी, घरातील कलह किंवा परीक्षेची धास्ती ही संकटे वाहनाप्रमाणे क्षणात निघून जात नाहीत. यंत्रणा महिनोन्‌महिने चालू राहिली म्हणजे झोप उडते, रक्तदाब चढतो, स्मरणशक्ती मंदावते आणि मन खचते. मॉन्ट्रियल येथे दीर्घकाळ संशोधन करणारे हान्स सेल्ये यांनी 1936 मध्ये या अवस्थेचे पहिले शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध केले, आणि ‘ताण’ हा शब्द वैद्यकात रूढ होण्यास त्यांचे कार्य कारणीभूत झाले.

मुळापासून गोळीपर्यंत

सर्पगंधेच्या मुळाचा उपयोग भारतीय वैद्यकात जुना आहे. बिहारमध्ये ती ‘पागल की दवा’ या नावानेच विकली जात असे. 1931 मध्ये दिल्लीच्या तिब्बिया महाविद्यालयात सलीमुझ्झमान सिद्दिकी व त्यांचे सहकारी यांनी या मुळातून काही अल्कलॉइडे, म्हणजे वनस्पतींतील क्षारधर्मी द्रव्ये, वेगळी काढली, आणि त्यांपैकी एकास हकीम अजमल खान यांच्या स्मरणार्थ ‘अजमलीन’ असे नाव दिले. त्याच वर्षी कलकत्त्याचे गणनाथ सेन व कार्तिकचंद्र बोस या दोन वैद्यकतज्ज्ञांनी उन्माद व उच्च रक्तदाब या दोन्ही विकारांवर या मुळाचा गुण येतो, असा लेख प्रसिद्ध केला.

भारताबाहेर मात्र या गोष्टीकडे फारसे लक्ष गेले नाही. ते गेले मुंबईमुळे. डॉ. रुस्तुम जाल वकील यांनी उच्च रक्तदाबाच्या रुग्णांना सर्पगंधा देऊन त्यांच्या रक्तदाबाच्या काळजीपूर्वक नोंदी ठेविल्या, आणि 50 रुग्णांवरील आपले निष्कर्ष 1949 मध्ये ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’ या नियतकालिकात मांडले. गुण येतो असे सांगून ते थांबले नाहीत. तो किती येतो, कितीजणांना येतो आणि कोणता त्रास होतो, हेही त्यांनी मोजले. या कार्याबद्दल त्यांना 1957 मध्ये अमेरिकेचे लास्कर पारितोषिक मिळाले.

पुढची पावले झपाट्याने पडली. 1952 मध्ये स्वित्झर्लंडमधील बाझेल येथे सीबा या औषधसंस्थेच्या प्रयोगशाळेत म्युलर, श्लिटलर व बाइन यांनी मुळातील प्रमुख कार्यकारी द्रव्य शुद्ध रूपात मिळविले. त्याचे नाव रिसर्पिन. 1954 मध्ये न्यू यॉर्कचे मनोविकारतज्ज्ञ नेथन क्लाइन यांनी मनोरुग्णालयातील रुग्णांवर त्याचा शामक परिणाम होतो, असे दाखविले. मनोविकारांवर औषधे देण्याचे युग ज्या दोन औषधांनी सुरू केले, त्यांपैकी एक फ्रान्समधून आलेले क्लोरप्रोमझीन होते, आणि दुसरे भारतीय वनस्पतीतून निघालेले रिसर्पिन.

कोठीचे दार

रिसर्पिन मेंदूत नेमके काय करते, हे सांगण्यास छत्तीसगडच्या शेतकऱ्याच्या घरातील धानाची कोठी उपयोगी पडेल. पीक निघाले की धान कोठीत भरतात आणि लागेल तसे काढतात. बाहेर राहिलेले धान पाखरे व उंदीर खाऊन टाकतात. मज्जातंतूच्या टोकाशीही अशाच अतिसूक्ष्म कोठ्या असतात. तंतू आपले रासायनिक द्रव्य त्यांत साठवितो आणि संदेश द्यावयाचा झाला म्हणजे त्यांतून बाहेर सोडतो. कोठीबाहेर उरलेल्या द्रव्याचा एका विशिष्ट विकराकडून नाश होतो.

रिसर्पिन या कोठ्यांचे दार अडविते. द्रव्य आत जाऊ शकत नाही, बाहेर पडून राहते आणि नष्ट होते. हळूहळू कोठ्या रिकाम्या होतात. नॉरअ‍ॅड्रिनलिन उरले नाही म्हणजे हृदयाचे ठोके मंदावतात, रक्तवाहिन्या सैल पडतात, रक्तदाब उतरतो आणि मनाची तगमग कमी होते. दार एकदा अडले म्हणजे सहज मोकळे होत नाही. त्यामुळे औषध थांबविल्यावरही त्याचा परिणाम कित्येक दिवस टिकतो.

परंतु हे दार एकाच द्रव्याचे नाही. सेरोटोनिन व डोपामीन ही द्रव्येही तशाच कोठ्यांत व त्याच प्रकारच्या दाराने जातात. 1955 मध्ये अमेरिकेत ब्रोडी, प्लेचर व शोर यांनी असे दाखविले की, रिसर्पिन दिलेल्या सशांच्या मेंदूतील सेरोटोनिनचा साठा बहुतांशी नाहीसा होतो. 1957 मध्ये स्वीडनचे आर्विद कार्लसन यांनी सशांना रिसर्पिन दिले, तेव्हा ते जागच्या जागी निश्चल झाले. त्यानंतर त्यांना एल-डोपा हे द्रव्य टोचताच थोड्याच वेळात ते पुन्हा हालचाल करू लागले. एल-डोपापासून मेंदूत डोपामीन तयार होते. हालचालींसाठी डोपामीन अत्यावश्यक आहे हे त्या प्रयोगाने सूचित झाले, आणि त्यातूनच पुढे कंपवातावरील उपचार निघाला. कार्लसन यांना 2000 मध्ये नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला.

या सशांकडे वाचकाने जरा लक्षपूर्वक पाहावे. दुरून पाहणाऱ्यास ते शांत झाले आहेत, असेच वाटले असते. वस्तुतः त्यांची शांती ही समाधानाची नव्हती. त्यांच्या मेंदूच्या कोठ्या रित्या झाल्या होत्या. ताणाची द्रव्ये अडविणाऱ्या कोणत्याही औषधाविषयी हाच प्रश्न प्रथम विचारावा लागतो : याने मनुष्य स्वस्थ होतो, की केवळ रिता होतो?

1950 नंतरच्या दशकात रक्तदाबासाठी रिसर्पिन घेणाऱ्या काही रुग्णांना तीव्र विषण्णता आल्याच्या नोंदी वैद्यांनी केल्या. काहींच्या मनात आत्मघाताचे विचार आले. पुढे या नोंदींची छाननी झाली, तेव्हा पूर्वी मानले गेले तितके हे प्रमाण मोठे नसावे आणि ते मात्रेवर बरेच अवलंबून असावे, असे मत पुढे आले. तथापि ज्यांना पूर्वी विषण्णतेचा विकार झाला आहे अशांना हे औषध देऊ नये, हा इशारा कायम राहिला. नाक चोंदणे, नाडी मंद होणे आणि क्वचित कंपवातासारखा ताठरपणा येणे, हे त्याचे इतर दोष होत. आज अधिक सोयीची औषधे उपलब्ध झाल्याने रक्तदाबावर रिसर्पिनचा उपयोग फारच थोडा होतो.

पुढील शोधांचा बोध

रिसर्पिननंतरच्या संशोधकांनी अधिक नेमका मार्ग धरला. साऱ्या कोठ्या रित्या करण्यापेक्षा द्रव्य जेथे जाऊन पोचते ते ग्राहकस्थानच झाकावे, असा विचार ब्रिटनमध्ये जेम्स ब्लॅक यांनी केला. 1960 नंतरच्या दशकात प्रोप्रॅनोलॉल हे औषध त्यातून निघाले, आणि 1988 मध्ये ब्लॅक यांना नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. ते हृदयावरील अ‍ॅड्रिनलिनचा प्रभाव अडविते. सभेत बोलताना हात थरथरतात, छाती धडधडते, ते याने थांबते. परंतु ज्या चिंतेने थरथर सुटते ती चिंता याने नाहीशी होत नाही. दमेकऱ्यास तर हे औषध घातक ठरू शकते, कारण त्याने श्वासनलिका आवळल्या जातात.

याहून मोठी आशा 1981 मध्ये निर्माण झाली. कॅलिफोर्नियातील साल्क संस्थेत वायली वेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी मेंढ्यांच्या मेंदूंतून हायपोथॅलॅमसचे ते आज्ञा देणारे संप्रेरक शोधून काढले. ते 41 अमिनो अम्लांचे बनलेले आहे. ताणाच्या संथ मार्गाची पहिली कडीच हाती आली होती. तीच अडविली तर चिंता व विषण्णता मुळातूनच आटोक्यात येतील, या अपेक्षेने अनेक औषधसंस्थांनी दोन दशके प्रयत्न केले. प्राण्यांवर परिणाम उत्साहजनक दिसले. परंतु विषण्णता, चिंताविकार व आघातोत्तर मनोविकार यांच्या रुग्णांवरील चाचण्यांत या औषधांनी अपेक्षाभंग केला. अखेरीस डिसेंबर 2024 मध्ये अमेरिकेत या वर्गातील क्रिनेसरफाँट या औषधास मान्यता मिळाली, पण ती अधिवृक्क ग्रंथींच्या एका जन्मजात विकारासाठी. मनाच्या ताणासाठी ते मान्य झालेले नाही.

यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. एखादे द्रव्य ताणाच्या वेळी वाढते, म्हणून ते अडविले की ताण मिटेल, हे अनुमान सरळ दिसले तरी खरे ठरत नाही. मेंदूतील प्रत्येक द्रव्य अनेक कामे करते आणि प्रत्येक कामात अनेक द्रव्ये गुंतलेली असतात. जेथे विकार निश्चित आहे, तेथे औषध नेमके काम करते. जेथे ताणाचे कारण घरात, शेतात, शाळेत वा कचेरीत आहे, तेथे औषध फार तर थोडी उसंत मिळवून देते.

रायपूरपुढील प्रश्न

हा सर्व विचार रायपूरच्या वाचकाने आपल्या गावापुरता करून पाहावा. 2000 साली स्थापन झालेल्या छत्तीसगड राज्याने आपल्या वनौषधींचा अभिमान बाळगला आहे. राज्याचे औषधी वनस्पती मंडळ आहे, लघुवनोपज संघामार्फत वनौषधींची उत्पादने विकली जातात, आणि रायपूरला 1987 पासून इंदिरा गांधी कृषी विश्वविद्यालय आहे. हा अभिमान रास्त आहे. परंतु औषधी वनस्पतीचा अभिमान बाळगणाऱ्या प्रदेशावर तिचे सामर्थ्य समजून घेण्याची जबाबदारीही इतरांपेक्षा अधिक येते.

रिसर्पिनच्या एका गोळीत मिलिग्रॅमच्या चौथ्या हिश्शाइतके किंवा त्याहूनही कमी औषध असते. इतक्या अल्प मात्रेने जे द्रव्य मेंदूच्या कोठ्या रित्या करू शकते, ते मुळाच्या चिमूटभर चूर्णात किती आहे, हे डोळ्यांनी कळणे शक्य नाही. झुडपाचे वय, जमीन, मूळ खणण्याचा हंगाम आणि साल शाबूत राहिली की नाही, यांवर त्याचे प्रमाण बदलते. बाजारात सर्पगंधेच्या नावाखाली तिच्या भाऊबंद वनस्पतींची मुळे मिसळली जातात, तीही अडचण आहेच. रक्तदाबाचे औषध आधीच घेत असलेल्या वृद्धाने झोप लागत नाही म्हणून हे चूर्ण घेतले, तर त्याचा रक्तदाब धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकतो. खचलेल्या मनाच्या तरुणाने ते घेतले, तर त्याची विषण्णता अधिक गडद होण्याचा संभव आहे.

यावर कोणी म्हणेल की, वनातील बैगा व वैद्य हे मूळ कित्येक पिढ्या देत आले, मग आताच हे भय कशासाठी? आक्षेप विचार करण्याजोगा आहे. परंतु त्याचे उत्तर जुन्या परंपरेतच आहे. ‘पागल की दवा’ हे नावच सांगते की, हे मूळ मनाचा तोल पूर्ण सुटलेल्या मनुष्यासाठी राखलेले होते. परीक्षेची धास्ती किंवा दिवसभराचा शीण यांसाठी ते नव्हते. देणारा जाणकार होता, रोग्याला ओळखत होता आणि त्याच्यावर नजर ठेवीत होता. आज पुडी विकत घेणाऱ्याच्या वाट्याला मूळ तेवढे येते. जाणकाराची नजर येत नाही. परंपरेतील निम्मी गोष्ट उचलणे म्हणजे परंपरेचा आदर करणे नव्हे.

हाच न्याय कारखान्यातून आलेल्या गोळ्यांनाही लागू आहे. अल्प्राझोलाम व नायट्राझेपाम यांसारख्या गोळ्या वेगळ्या रीतीने काम करतात. त्या ताणाची द्रव्ये अडवीत नाहीत, मेंदूतील आवर घालणाऱ्या द्रव्याचा प्रभाव वाढवितात. परंतु त्यांची सवय लागते, आणि दीर्घकाळ घेतलेली गोळी एकाएकी सोडल्यास झटके येऊ शकतात. म्हणूनच 2014 पासून अशा औषधांच्या विक्रीची स्वतंत्र नोंदवही ठेवणे दुकानदारावर बंधनकारक आहे. डॉक्टरांच्या चिठ्ठीविना अशी गोळी देणारा दुकानदार आणि मागणारे गिऱ्हाईक हे दोघेही त्या नियमामागील हेतू समजून घेत नाहीत.

वनस्पतीच्या बाजूनेही विचार व्हावयास हवा. सर्पगंधेचे मूळ काढणे म्हणजे संपूर्ण झुडूप उपटणे होय. अतिरिक्त खोदाईमुळे ती अरण्यांतून विरळ झाली, आणि 1990 पासून तिच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर निर्बंध आहेत. मुळाचा भाव वजनावर ठरतो, सत्त्वावर ठरत नाही. त्यामुळे कोवळे झुडूप वाढू द्यावे, अशी ओढ खणणाऱ्यास राहत नाही. शेतात लागवड करून, सत्त्वाचे प्रमाण तपासून, पूर्ण वाढलेल्या मुळाला अधिक भाव दिला, तर वन वाचेल, खणणाऱ्या कुटुंबाचे उत्पन्न टिकेल, आणि औषध घेणाऱ्यालाही मात्रा कळेल.

करावयाच्या गोष्टी फार अवघड नाहीत. सर्पगंधेची जी पुडी विकली जाईल तिच्यावर सत्त्वाचे प्रमाण व सावधगिरीची सूचना हिंदी व छत्तीसगढी या भाषांत छापलेली असावी. शाळांतून ताणाची शरीरक्रिया शिकविली जावी, म्हणजे छाती धडधडणे हा भित्रेपणा नसून शरीराचा धर्म आहे, हे मुलांना कळेल. पुरेशी झोप, नियमित व्यायाम आणि विश्वासाच्या माणसाशी मोकळेपणाने बोलणे यांनी ताणाची यंत्रणा शांत होण्यास साहाय्य होते, हेही त्यांना सांगावे. आणि जेथे एवढ्याने भागत नाही, तेथे उपचार घेण्यात कमीपणा मानू नये. रायपूरच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत मनोविकारांचा विभाग आहे, बिलासपूरजवळ सेंदरी येथे राज्याचे मानसिक रुग्णालय आहे, आणि ऑक्टोबर 2022 मध्ये सुरू झालेल्या ‘टेली-मानस’ या शासकीय सेवेशी 14416 या क्रमांकावर विनामूल्य बोलता येते.

डॉ. वकील यांनी मुंबईत जे केले ते लक्षात ठेवण्यासारखे आहे. त्यांनी लोकांच्या मुळावरील विश्वासाची टवाळी केली नाही, आणि तो आंधळेपणाने स्वीकारलाही नाही. रुग्ण घेतले, मात्रा ठरविली, रक्तदाब मोजला व जे दिसले ते लिहून ठेवले. सर्पगंधा ज्या प्रदेशात उगवते, त्या प्रदेशाने तिच्याशी असाच व्यवहार करणे उचित होय.